पट्टा सोड

रोहुक्यूलाच्या धक्क्यावर पहारेकरी वजन विचारतो,
गाडीचं. माणसांचं नाही.
बाबा सांगतात, दोन टन, पावांसकट.
"पट्टा सोड," मग ते मला म्हणतात,
जन्मभर याच्या उलट ओरडत आलेला माणूस.

इथून पुढे पंचवीस किलोमीटर समुद्र,
जानेवारीपासून गोठलेला.
दोन्ही बाजूंना बर्फात खोचलेल्या जुनिपरच्या फांद्या,
त्यांच्यामधून जायचं, म्हणजे तो रस्ता.
पंचविसाच्या आत चालवायचं, नाहीतर चाळिसाच्या वर.
मधला वेग नको:
गाडीखाली पाण्यात एक लाट चालते,
तिची नि तुमची चाल जुळली
की ती खालून बर्फाला ढुशी देते.
बाबा हे सांगताना तळहातावर तळहात ठेवतात,
वरचा हळूच उचलतात.
गाडी तेवढा वेळ गुडघ्यांनी सांभाळतात.

बाराव्या किलोमीटरला हेल्वीची निळी गाडी.
थांबलेली. ती बाहेर उभी,
एका हातात भिंतीवरचं घड्याळ, दुसरा हात हलवत.

थांबलं तर एका जागी दोन गाड्यांचं ओझं.
न थांबलं तर हेल्वी.
मी मनात म्हटलं, जा. पुढे जा.
त्याची मला अजून लाज वाटते,
आणि अजूनही वाटतं की गणित माझं चुकलं नव्हतं.

बाबांनी पाय काढला.
काटा उतरत गेला, एकेचाळीस, छत्तीस, एकतीस,
नको त्या आकड्यांतून सावकाश,
आणि खालच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवावं
तसा आवाज आला, लांबवर गेला.
दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं.

तिच्यापासून बऱ्याच अलीकडे, क्षणभर थांबून
त्यांनी मला चाकामागे बसवलं.
मी सोळाची. लायसन नाही.
"फिरत राहा. मोठा गोल. वीसच्या वर नाही.
थांबू नकोस, उभ्या गाडीखाली बर्फ वाकतो."
आणि दोरी खांद्यावर टाकून चालायला लागले,
दुकानात निघाल्यासारखे.

पायापाशी ब्रेक होता.
सगळं अंग त्याच्यावर पडायला बघत होतं.
भीती वाटली की थांबावं, हे कुणी शिकवलं मला?
कुणीच नाही. तरी किती पाठ होतं.
मी गोल फिरले. एकदा. चारदा.
पाव मागे घसरत होते, उजवीकडे, उजवीकडे.
दार उघडंच ठेवलं होतं,
थंडी गाडीत येऊन माझ्याशेजारी बसली होती.

सातव्या फेरीला ते दोघं आले,
चालत्या गाडीत चढले, आधी घड्याळ, मग हेल्वी, मग बाबा.
कुणी शाबास म्हटलं नाही.
हेल्वी म्हणाली, "वीस मिनिटं मागे आहे हे."
तिला घड्याळच म्हणायचं होतं.
आणखी काही किलोमीटर मीच चालवली.
दात वाजत होते, ते थंडीने, असं मी ठरवलं.

हेल्तरमाच्या किनाऱ्याआधी जागा बदलल्या.
चाकं डांबराला लागली तसा दचका बसला,
आणि तीन पट्टे खटाखट लागले.
बाबांनी मोठा श्वास सोडला,
रेडिओ लावला, पाव तोडला,
आणि हेल्वीला सगळी हकिकत पुन्हा सांगायला घेतली,
जणू ती तिथे नव्हतीच.
मान मागे वळवून. दोन्ही हात हवेत.
काटा नव्वदच्या पुढे.

पुढे डेअरीजवळचं वळण होतं,
ते रोज घेतात ते. डोळे मिटून घेईन म्हणतात ते.
तिथे कुणी फांद्या खोचत नाही.
वजन कुणी विचारत नाही.

मी समोर बघत होते.
माझा उजवा पाय, ज्याला काहीच काम नव्हतं,
रिकाम्या फरशीवर दाबून धरलेला होता.